जोडायचा का सोडायचा

विशाखा,

काल सकाळी आपला कॉम्प्युटरचा क्लास उघडला. दिवाळीची सुट्टी, मग तुझं दुखणं, मग तू गेलीस, या सगळ्यात कुलपाला कुणी हात लावला नव्हता. किल्ली फिरेना. खालच्या शेती-औषधांच्या दुकानातून तेलाचे थेंब मागून आणले, तेव्हा कुठं दार उघडलं. आत सगळं जिथल्या तिथं होतं. तू जुन्या पडद्यांची शिवलेली फुलाफुलांची कव्हरं मशीनवर तशीच, दाराशी चपला काढायला टाकलेलं गोणपाट तसंच. मी चपला काढल्या आणि सवयीनं तुझ्या चपला आल्यात का ते बघितलं. मग माझा मलाच राग आला.

मोठं मशीन चालू केलं. ते नेहमीसारखं घरघरलं, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या, आणि शेवटी ती एकटी रेघ लुकलुकत बसली. तुझं एकही गाव जागेवर नव्हतं.

नसणारच. तूच तशी व्यवस्था करून ठेवली होतीस.

परवा पुणतांब्याला तुझ्या जलदान विधीला आले होते. वंदना झाली, जेवणं झाली, मांडवातली माणसं पांगली, तशी तुझी आई माझ्याशेजारी येऊन बसली. रडून रडून डोळे बारीक झालेले, पण आवाज खणखणीत, तुझ्यासारखाच. तू घरी आलीस की माझ्याबद्दल काय सांगायचीस ते तिनं सांगितलं. "म्हनायची, मैतरीन कर्जतची हाय, लई भांडती, पन रोज माज्याच डब्यात जेवती." यातलं शेवटचं खोटं आहे. तूच माझ्या डब्यात जेवायचीस. पण तिथं मी 'हो' म्हटलं.

मग तिनं विचारलं, की तू कोल्हारात सहा गावं वसवलीस असं सांगायचीस, ती गावं आहेत तरी कुठं, आम्हाला कधी दाखवली नाहीस. आता तुझ्या आईला नेटवर्क कसं समजवायचं? मी प्रयत्न केला. म्हटलं, मावशी, एक मोठं मशीन आहे. भोवती सहा लहान मशीनं. सगळ्यांना ओवून गेलेली एकच काळी वायर. म्हणजे खरं तर सगळी एकाच चाळीत राहतात, एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जावं अशी. पण विशाखा मोठ्या मशीनवर बसून हुकूम टाइप करायची. त्या हुकमांनी मोठं मशीन सहा नावांनी वागायला लागायचं, सहा पत्त्यांवर हजर व्हायचं, आणि प्रत्येक लहान मशीनला वाटायचं की आपण आपल्या वेगळ्या गावात आहोत. शिवाय मोठ्या मशीनच्या पोटात प्रत्येक गावाला एकेक डबा दिलेला. त्या गावची मुलगी आत शिरली की तिला फक्त तिचा डबा दिसायचा. तिला वाटायचं, अख्खं मशीन आपलंच. तिनं आत कितीही सांडलवंड केली तरी शेजारणीच्या भाकरीला काही लागायचं नाही. कुठं भिंत नाही, कुठं खिळा ठोकलेला नाही, सगळं नुसतं टाइप करून.

तुझ्या आईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मंजी वायर येक आन् गावं सा," ती म्हणाली. इतक्या कमी शब्दांत मी दोन वर्षांत एकदाही शिकवलं नाही. मग मांडवाकडं बघत म्हणाली, "आन् आता तिच्याबिगर ती ओस पडत्याल का?"

मी म्हटलं, बघू. आपल्याकडं 'बघू' म्हणजे काय असतं ते तिलाही माहीत आहे.

खरी गोष्ट अशी, की पुढच्या आठवड्यात नगरहून परीक्षक येणार आहेत, तुझ्या सकाळच्या बॅचचं प्रॅक्टिकल घ्यायला. गावं वसलेली आणि एकमेकांशी बोलती असली पाहिजेत, त्याशिवाय ते पुढचं काही बघतच नाहीत. तसं झालं नाही तर मुलींचं वर्ष गेलं आणि नेटवर्कची बॅचही गेली. घरी तर माझ्या वतीनं ठरूनही गेलंय. सासरे म्हणाले, टायपिंग आणि अकाउंट तेवढं ठेव, ते तारांचं खूळ त्या पोरीबरोबर गेलं असं समज. त्यांनी ते मायेनंच म्हटलं. पण माझ्या मस्तकात तिडीक गेली, कारण मीही मनातल्या मनात तेच म्हणत होते.

आणि याला कारण तू. तुझा हट्ट. किती वेळा सांगितलं होतं तुला, की बाई, ते सगळे हुकूम एका फाईलमध्ये टाकून ठेव, मशीन चालू झालं की आपोआप होतील. इथं दिवसातून कितीदा लाईट जाते. लाईट गेली की मशीन बंद, मशीन बंद की तुझी सहाच्या सहा गावं पुसली गेली. पुन्हा पहिल्यापासून. लोक असले हुकूम फाईलमध्ये ठेवतात, ही काही मी शोधलेली युक्ती नव्हे. तू ऐकून घ्यायचीस, मान हलवायचीस आणि करायची नाहीस. एकदा मी फारच तडकले, तेव्हा तू विचारलंस, "तू घर काल झाडलं हुतंस ना? मग आज का झाडलंस?"

मी म्हटलं, घर झाडायला मशीन मिळालं तर मी आजच घेईन.

तू हसलीस, पण बधली नाहीस. तुझा नियम एकच. रोज सकाळी आल्यावर प्रत्येक मुलीनं आपलं गाव आपल्या हातानं वसवायचं. वहीत बघायचं नाही. आधी पत्ता, मग रस्ता, मग डबा. साऱ्या खोलीत पत्त्यांच्या आकड्यांचा, शाळेतल्या पाढ्यांसारखा गलका चालायचा, एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट, तीन, एक. खालच्या दुकानात खताची पोती घ्यायला आलेली माणसं वर बघून विचारायची, की इथं काय पाढ्यांचा क्लास आहे का. आणि मी एकदा चुकून म्हणाले, चला, गावं उठवा, तर तू सगळ्यांसमोर मला टोकलंस. "गावं उठवत नाहीत, मॅडम. धरणात गेलेली गावं उठवतात. आपण वसवायची." शब्दांच्या बाबतीत तू अशी. तुझ्यासमोर बोलायचं म्हणजे तांदूळ निवडल्यासारखं प्रत्येक शब्द निवडून बोलावं लागायचं.

आपलं खरं भांडण शब्दावरूनच झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. तू मध्येच निघून गेलीस म्हणून मी ते सोडून दिलंय असं समजू नकोस.

एका गावातून दुसऱ्या गावात निरोप जायचा तर तो मोठ्या मशीनमधूनच जातो. त्या जागेला पुस्तकात गेटवे म्हणतात. सुरुवातीला मी फळ्यावर चित्र काढलं, गोल गाव, त्याला एक कमान, आणि सांगून मोकळी झाले: गेटवे म्हणजे गावाची वेस. आतलं आत, बाहेरचं बाहेर, आणि येणंजाणं होणार ते वेशीतूनच. मुलींना झटकन समजलं. मला वाटलं, काय सुंदर शब्द सापडला. तू मागच्या बाकावर बसली होतीस. काही बोलली नाहीस. दुपारी जेवतानाही बोलली नाहीस, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मला कळलं.

शेवटी चहाच्या वेळी बोललीस. खाली, फाट्यावर, त्या पेरूवाल्यांच्या टोपल्यांशेजारच्या हॉटेलात. आवाज चढवला नाहीस. "रोहिणी, आमच्या आज्याचं घर वेशीभाईर हुतं. वेस मंजी जिथं थांबायचं आन् कुणी ये म्हनंस्तवर आत पाय टाकायचा न्हाई ती जागा. तू ती माझ्या मशीनमध्ये कशाला बांधतेस?"

मला राग आला. मी म्हटलं, मी साध्या दाराबद्दल बोलत होते. म्हटलं, तू स्वतः तर रोज सकाळी भिंतीच बांधतेस, सहा गावं वेगळी करतेस, सहा डबे बंद करतेस, आणि माझ्या एका वेशीनं तुझं काय बिघडलं? मला वाटलं, बिनतोड बोलले. हॉटेलवाला गाळणीतून चहा ओतता ओतता थांबला होता.

तू कप खाली ठेवलास. "डब्याला झाकण असतं. ज्याचा डबा, त्याच्या हातात झाकण. वेशीचं दार दुसऱ्याच्या हातात असतं."

 मी तेव्हा हरायला आलेले सगळे लोक करतात तेच केलं, म्हटलं, बरं मग तूच सांग दुसरा शब्द.

तू बोटानं रस्त्याकडं दाखवलंस. मनमाडकडून आलेली एसटी थांबली होती, कुणी उतरत होतं, कुणी चढत होतं, ऊसतोड्यांचा एक ट्रॅक्टर माणसं आणि मडकी-चुलीसकट उभा होता, एक नवरदेव जीपमधून उतरून पेरू घेत होता. "फाटा," तू म्हणालीस. "गाव आपल्या जागी, रस्ता आपल्या जागी, आन् दोन्ही भेटतात तो फाटा. इथं कुणी आडनाव विचारत न्हाई. चहात साखर किती, एवढंच विचारत्यात."

हे तू अनुभवानं बोलत होतीस आणि तो अनुभव मी पाहिला होता. तुला खोली शोधायला आपण दोघी कोल्हारात दारोदार फिरलो होतो. पाणी कसं, भाडं किती, सगळं ठरायचं आणि मग शेवटी सहज विचारल्यासारखं आडनाव विचारलं जायचं. मग खोली पाहुण्यांसाठी ठेवायची असायची, नाहीतर रंगवायची असायची. शेवटी मिळाली ती फाट्यावरच, त्याच हॉटेलाच्या माडीवर. तिथं खाली रात्रंदिवस ट्रक थांबतात. तू म्हणायचीस, झोप येत नाही पण मन लागतं.

तरीही मी लगेच मान्य केलं असतं तर मी कर्जतची कसली! मी म्हटलं, फाटा शब्द चांगला आहे, पण फाटा देणं म्हणजे काय ते माहीत आहे ना? नियमाला फाटा दिला, जेवणाला फाटा दिला, म्हणजे टाळलं, वगळलं. तुझा गेटवे म्हणजे सगळ्याला फाटा. तू इतकी हसलीस की चहा नाकात गेला. आणि दुसऱ्या दिवसापासून तुझ्या सकाळच्या बॅचमध्ये फाटा आणि माझ्या दुपारच्या बॅचमध्ये वेस, असा कारभार सुरू झाला. एकच मशीन, एकच वायर, सकाळी फाटा आणि दुपारी वेस.

त्याचं व्हायचं ते झालंच. तू एक दिवस तुझ्या बॅचमधल्या मंगलला सांगितलंस, कर्जतला फाटा दे. कर्जत म्हणजे सहावं गाव, माझ्या टेबलावरचं मशीन त्यातलं. तू माझ्या माहेरचं नाव मला खूश करायला दिलं होतंस की डिवचायला, ते मी कधी विचारलं नाही. मंगलनं मान हलवली, पाच गावांना रस्ते जोडले आणि कर्जत वगळलं. तिच्या घरी फाटा देणं म्हणजे वगळणं. तिची काही चूक नव्हती. सकाळभर मी माझ्या मशीनवर बडवत बसले, कुणी ओ देईना. वायर हलवून बघितली, टोकाची टोपी फिरवून बघितली, मशीन बंद करून चालू केलं. शेवटी तू येऊन माझ्या खांद्यावरून पडदा बघितलास, मंगलकडं बघितलंस आणि खाली बसलीस, जमिनीवर, पोट धरून. "रोहिणी, तुझं माहेर तुटलं गं," एवढंच तुला बोलता येत होतं. मंगल रडकुंडीला आली होती. तिला वाटलं, आता दोन्ही मॅडम भांडणार.

पण तू त्यातून एक रीत काढलीस. त्या दिवसापासून कुणीही म्हणालं, मॅडम, फाटा देते, की तू विचारायचीस, जोडायचा का सोडायचा? मुलीनं मोठ्यानं उत्तर द्यायचं, मगच बटण दाबायचं. कधी जोडायचा असायचा, कधी सोडायचा. एखाद्या गावात भलतंच काही चाललं असेल तर ते गाव तुझ्याच मुली सोडून टाकायच्या, पुन्हा ठीक झालं की जोडायच्या. पण तोंडानं म्हटल्याशिवाय नाही. दाबण्याआधी माणसानं आपण काय करतोय ते ऐकलं पाहिजे, असं तू म्हणायचीस. मी त्याला तुझं नवं खूळ म्हणाले. माझ्या बॅचमध्ये मी असलं काही चालू दिलं नाही.

माझ्या बॅचमध्ये मी वेस दाखवायचे. मोठ्या मशीनमध्ये एक जागा आहे, तिथं एक आकडा ठेवलेला असतो. एक असला तर मशीन एका गावाचे निरोप दुसऱ्या गावाला पोचवतं. शून्य असला तर नाही. मशीन नव्यानं चालू झालं की तिथं आपोआप शून्यच असतं. गावं सगळी जागच्या जागी, पत्ते बरोबर, रस्ते बरोबर, पण कुणाचं कुणाशी बोलणं नाही. मी रोज दुपारी तिथं शून्य टाइप करायचे आणि म्हणायचे, बघा, वेस बंद झाली. दुपारी शिकायला येणारी साखर कारखान्यातली कारकून मंडळी खूश व्हायची. चोरांपासून गावाचं रक्षण, हे त्यांना पटायचं. तुला मी तेच सुनवायचे, की तुझ्या फाट्याला दार कुठाय, फाट्यावर चोरही येतात. तू म्हणायचीस, "येत्यात की. म्हणून कुणी फाटा खनून काढतं का?"

बॅच संपली की मी घरी. ते शून्य तसंच.

दवाखान्यात तुला भेटले ती शेवटची दुपार. डोळे हळदीसारखे पिवळे, हात हातात धरवेनात इतके बारीक. मी पेरू आणले होते, ते तुला चालणार नव्हते हे मला तिथं गेल्यावर कळलं. तू म्हणालीस, ठेव, वास तर येऊ दे. मग विचारलंस, "तुझी वेस काय म्हणते?"

म्हटलं, सुट्टी आहे, बंद आहे.

"सुट्टी नसती तरी बंदच," तू म्हणालीस आणि हसलीस. मला तेव्हा सांगायचं होतं, की विशाखा, तुझा शब्द बरोबर आहे, मला तो पहिल्याच दिवशी आवडला होता, फक्त तुझ्याशी भांडायची इतकी सवय झालीय की हरले तर उद्या चहाला काय बोलायचं. हे सगळं ओठावर होतं. तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आली आणि म्हणाली, पेशंटला बोलायला लावू नका. मला वाटलं, सांगू की, घाई काय आहे.

तर काल सकाळी मी त्या लुकलुकणाऱ्या रेघेसमोर बसले होते. मला पत्ते माहीत होते, पण क्रम आठवेना. पुस्तक उघडलं, मिटलं. मग जिन्यावर पावलं वाजली. तुझी बॅच आली होती. मी कुणाला निरोप धाडला नव्हता. मंगल पुढं होती, बाकीच्या तिच्या मागं. गोणपाटावर चपला काढल्या, ओळीत. कुणीतरी नेहमीप्रमाणं तुझ्या चपलांची जागा सोडली. ते बघून माझा बांध फुटला, मग त्यांचाही फुटला. आम्ही सगळ्या जणी भरपूर रडलो. खालचा दुकानदार वर येऊन बघून गेला आणि त्यानं सगळ्यांना चहा पाठवला.

चहा झाल्यावर मी त्यांना खरं ते सांगितलं. म्हटलं, मॅडमनी काही लिहून ठेवलेलं नाही, गावं गेली, मला सगळं येत नाही, आणि परीक्षक यायचेत.

मंगलनं पदरानं नाक पुसलं. हो, पदरानं, तिचं दिवाळीत लग्न झालं, तुला माहीतच नाही. म्हणाली, "मॅडम, ते रोजचंच हाय की." आणि मला खुर्चीवरून उठवून बसली. मग एकेक जण. कोल्हार, पुणतांबा, राहुरी. प्रत्येकीची बोटं आपल्या गावाच्या वाटेनं चालत गेली, कुणी पुस्तकात बघितलं नाही, कुणी अडखळलं नाही. एकशेब्याण्णव, एकशेअडुसष्ट. खोलीत पुन्हा गलका झाला. फाईलमध्ये ठेवलं असतंस, विशाखा, तर फाईल राहिली असती आणि ती उघडायची कुणी, यावर आम्ही अडून बसलो असतो. हे भांडण तू जिंकलीस. लिहून देते.

सगळी गावं वसली. पण एकमेकांशी बोलेनात.

पुणतांब्याहून कोल्हारला हाक मारली, उत्तर नाही. राहुरीहून पुणतांब्याला, नाही. मुलींनी आपापले पत्ते तपासले, रस्ते तपासले, सगळं बरोबर. मंगल म्हणाली, असं कधीच झालं न्हाई मॅडम, आम्ही यायचो तेव्हा फाटा चालूच असायचा. बाकीच्याही म्हणाल्या, फाटा तर कायमच चालू असतो.

तेव्हा मला कळलं. माझं शून्य दुपारपासून तिथं पडून असायचं. सकाळी मुली यायच्या आत तू एकटी यायचीस, कुलूप काढायचीस आणि पहिलं काम म्हणून त्या जागी एक लिहायचीस. रोज. लाईट गेली तरी पुन्हा, मी शून्य टाकलं तरी पुन्हा. सगळं मुलींच्या हातानं करून घ्यायचीस, एवढं एक सोडून. त्याबद्दल मला कधी बोलली नाहीस, त्यांनाही कधी दाखवलं नाहीस. फाटा असा असतो, तो उघडाच असतो, असं समजून त्या पोरींनी शिकायला सुरुवात करावी, हा तुझा डाव होता. रोज माझ्याशी तावातावानं भांडलीस आणि रोज सकाळी माझं केलेलं गुपचूप निस्तरलंस. मला हसू आलं.

तो हुकूम त्या खोलीत फक्त मला येत होता. रोज मीच तर ते शून्य लावून टाइप करत होते. मी मंगलला उठवलं आणि बसले. अख्खी ओळ टाइप केली. शेवटच्या आकड्यापाशी बोट सवयीनं शून्याकडं गेलं. ते मी मागं घेतलं आणि एक दाबला. मुली माझ्यामागं गोळा होऊन बघत होत्या, कुणाचा तरी हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

मी म्हटलं, फाटा देते.

मागून मंगलनं विचारलं, "मॅडम, जोडायचा का सोडायचा?"

"जोडायचा," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

सगळ्यात आधी पुणतांब्यानं ओ दिली.